डावखुरी

नळी मिळाली दादर पारशी कॉलनीत,
खोरशेदबाई गझदर यांच्या छत्रीच्या स्टँडमध्ये,
दोन काठ्या आणि एका मोडक्या छत्रीच्या सोबतीला.
"मिस्टर गेले तेव्हापासून उभी आहे," म्हणाल्या,
"पैसे नको. माझं शिलाई मशीन तेवढं चालू कर."
मी बॉबिन केस बदलली, पट्टा बदलला,
आणि नळी वर्तमानपत्रात गुंडाळून
बसमध्ये मांडीवर आडवी धरून आणली.
कंडक्टर म्हणाला, पडद्याचा रॉड?
मी म्हटलं, हो.

मृण्मयी तेव्हा चौदाची.
क्लबातल्या सगळ्या एअर रायफली उजव्या खांद्याच्या.
मास्तर म्हणाले, हात बदल, सवय होईल.
हेच तिला बालवाडीत पाटीवर सांगितलेलं,
हेच पंगतीत, हेच प्रसाद घेताना.
मी म्हटलं, हात राहू दे, बंदूक बदलू.
बोलायला काय जातं.

भोईवाड्यात जिन्याखाली माझं दुकान,
उभं राहिलं की डोकं लागतं.
मशीनं दुरुस्त करून मला एवढंच कळलंय
की ताण कुठे द्यायचा, कुठे सोडायचा.
चापाची स्प्रिंग तशीच लावली:
धागा ओढला जाईल, तुटणार नाही, इतपत.
चाप जर्मन,
पण कुर्ल्याच्या भंगारात किलोवर घेतला,
नळाच्या दोन तोट्यांबरोबर.
तो कशाचा ते भंगारवाल्याला ठाऊक नव्हतं,
आणि मी चेहरा असा ठेवला की मलाही नाही.

लाकूड दारूखान्यातलं.
तोडायला आणलेल्या जहाजाच्या
कप्तानाच्या टेबलाची फळी, अक्रोडाची,
तिच्यावर कपांच्या ओल्या बुडांची वर्तुळं, एकात एक.
बाकीची रंध्याखाली गेली.
एक राहू दिलं,
तिचा गाल टेकेल तिथे.

डोळा लावायची चकती फोर्टातल्या मेहबूबभाईंकडे.
दुर्बिणी दुरुस्त करायचे. दोन वर्षं "कल आना".
मग एकदा गेलो तर दुकानात मोबाइलची कव्हरं.
मुलाने गल्ल्यातून पाकीट काढलं,
वर पेन्सिलीने उर्दूत काहीतरी.
"शिलाईवाले, ना?"
आत चकती, कापसात.

वरच्या मजल्यावरचे हवालदार खानविलकर
ड्युटीवरून येताना वाकून विचारायचे, झाली का तोफ?
मी लॅमिनेट केलेला नियमाचा कागद पुढे करायचो.
"माहितेय रे. चहा सांग."

एक स्क्रू राहिला होता, डाव्या आट्यांचा.
तो कुठेच मिळेना.
माझगावच्या फ्रान्सिस रिबेलोने लेथवर काढून दिला,
म्हणाला, असा उलटा स्क्रू मागणारा
तू तीस वर्षांत दुसरा.
पहिला कोण, ते सांगितलं नाही.

गेल्या रविवारी सकाळी
ती ऐरोलीहून नाइट शिफ्ट करून आली,
गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच.
जिन्याखाली शिरता येईना,
म्हणून बाहेर चौकात उभी राहिली.
खांद्याला लावली. उजवा डोळा मिटला.
समोरच्या खोलीतला कुकर तेवढ्यात शिट्टी द्यायचा थांबला.

"बाबा, आखूड आहे."

वही उघडली.
कोपराच्या आतून बोटाच्या पेरापर्यंत: साडेबारा.
खाली तारीख, सात वर्षांपूर्वीची, माझ्याच अक्षरात.
तिचे फ्रॉक, तिचे युनिफॉर्म
दर जूनमध्ये मीच उसवून लांब करत आलो.
शिवण हातात होती तोवर ती वाढत होती हे दिसायचं.
लाकूड मात्र मी
वहीतल्या मुलीसाठी तासत बसलो.

ती हसली. खाली ठेवली नाही.
"एक इंच हवं. जास्तीत जास्त सव्वा."
ते जहाज कधीच संपलं.
तसल्या अक्रोडाचा सव्वा इंच
आता कुठल्या समुद्रातून येणार, कोण जाणे.
वाईट वाटायला हवं होतं.
खरं सांगू,
जिन्याखाली रिकामा पडलेला डबा बघून
आठवडाभर मला झोप नव्हती.

टेप काढला.
हात सरळ धर, म्हटलं.
तो नव्हे. डावा.