दशकाची पेंडी

पिळगावच्या शाळेत आम्ही सगळे मिळून बारा,
अकरा मुलं आणि मी.
पहिली खिडकीकडे, दुसरी कपाटाकडे,
तिसरी-चौथी पाठीला पाठ लावून,
आणि एक टॅबलेट,
जो घेण्याआधी हात धुवायचे असा नियम आहे
आणि ज्याच्या काचेला तरीही
दुपारी बांगड्याचा वास येतो.

माडाचे हीर सोलून, तासून
बोटाएवढे तुकडे मी मे महिन्यातच करून ठेवले.
चारशेपर्यंत मोजले, मग मोजणं सोडलं.
दहा हीर, वर एक रबर : दशक.
सुटा हीर : एकक.
इतकं सोपं, की सांगताना
मला माझाच आवाज आवडतो.

बत्तीसातून सात.
तीन पेंड्या, दोन सुटे.
दोनातून सात जात नाहीत
हे पोरांना शिकवावं लागत नाही.
पुढे 'उसना घ्या' म्हणायची रीत आहे.
मी तो शब्द टाळते.
इथल्या दुकानात उसनं वेगळ्या वहीत लिहितात,
आणि त्या वहीत कोणाचं पान कुठवर भरलंय
हे वर्गातल्या चौघांना तोंडपाठ आहे.

म्हणून म्हणते, एक पेंडी सोड.

दीक्षाली सोडत नाही.
रबरावर अंगठा दाबून बसते.
"सोडची न्हय, बाय.
सोडली जाल्यार कोणूच घेना."

मला कळायला वेळ लागला.
गुरुवारी रात्री तिच्या घरी तांबडी भाजी बांधतात,
केळीच्या सोपाने, ओल्या गोणपाटावर, बल्बखाली.
शुक्रवारी पहाटे आई म्हापशाला,
आणि शुक्रवारी दीक्षालीची हजेरी लागते खरी,
पण डोळे मिटलेले.
त्या पेंडीत दहा काड्या नसतात.
मुठीत मावतात तेवढ्या असतात.
आईची मूठ मोठी, तिची लहान,
भाव एकच. त्यावर गिऱ्हाईक रोज भांडतं.

मी टॅबलेट दिला.
तिथे पेंडीवर बोट ठेवलं की ती टप्‌कन फुटते,
दहा काड्या रांगेत उभ्या राहतात,
बाण दाबला की पुन्हा पेंडी,
जशी होती तशी, एकही पान मोडलेलं नाही.
प्रणितने नुसत्या आवाजासाठी ती एकोणीस वेळा फोडली.
दीक्षालीने एकदाच.
मग टॅबलेट उलटा करून
पाठ तपासली,
बांधणारं कोणी दिसतंय का ते पाहायला.

नाही दिसलं.
तिने टॅबलेट प्रणितला दिला,
दप्तरातून सोपाची दोरी काढली, दातांनी चिरली,
तोंडात ओली केली,
बाजूला ठेवली.
मगच रबर काढला.
दहा हीर फरशीवर आले, दोन आधीचे.
सात तिने माझ्या हातात मोजून दिले,
पैसे द्यावेत तसे, एकेक,
माझ्या तोंडाकडे बघत.
उरलेले पाच दोरीत घातले
आणि गाठ मारायला गेली.

"थांब," मी म्हटलं, "पाचाची पेंडी होत नाही."

हे मी कुठल्या अधिकाराने म्हटलं
ते मला अजून नीट सांगता येत नाही.
तिची आई तिन्हीसांजेला पाच काड्यांचीही बांधत असेल,
बाजार उठताना, अर्ध्या भावात.

तिने दोरी खिशात ठेवली.
दोन पेंड्या एकीकडे, पाच सुटे एकीकडे.
पंचवीस, म्हणाली. बरोबर.
टॅबलेटवर तेवढ्यात कोणाच्या तरी बोटाखाली
तीन चांदण्या उगवल्या आणि टाळ्या वाजल्या,
त्या कोणासाठी होत्या कोण जाणे.
बॅटरी चार टक्के.

घंटेला हीर गोळा करताना मी विचारलं,
आणि घरी? सुटी उरली तर काय करता?

"सुटें उरता तें आमी घरा रांदतात,"
ती म्हणाली,
एवढं साधं मला कसं ठाऊक नाही, अशा नजरेने,
आणि पाच हीर डब्यात टाकताना
मनात पुन्हा एकदा मोजले.
ओठ हलताना मी पाहिले.