सहा आठवड्यांचं कॅल्क्युलस

वर्षभराचं गणित सहा आठवड्यांत.
सोमवारी लिमिट, गुरुवारी डेरिव्हेटिव्ह,
आणि मधल्या रात्री
याकिमाच्या शेडमध्ये पट्ट्यावरून वाहणाऱ्या चेरी:
फुटकी डावीकडे, टपोरी उजवीकडे.

इत्झेल व्हिडिओ दीडपट वेगाने लावते.
मास्तरांचा आवाज चिमणीसारखा होतो,
खडू फळ्यावर तुरुतुरु पळतो.
ती थांबवते, मागे नेते, पुन्हा
तीच ओळ: ‘हे तर उघडच आहे.’
कुणाला?

परीक्षेला रिकामी खोली हवी, असा नियम.
घरात माणसं सात, खोल्या दोन.
म्हणून ती बापाच्या पिकअपमध्ये बसते,
लायब्ररीच्या भिंतीला खेटून, वायफाय पोचेल तिथे.
कॅमेरा फिरवून दाखवते:
डॅशबोर्ड, दोरखंड, एकच हातमोजा,
कुणी नाही.
‘हात दाखवा,’ स्क्रीन म्हणते.
ती दाखवते. मनगटापासून नखांपर्यंत लाल.

स्क्रीन जरा वेळ गप्प.

बाहेर उन्हाने शंभरी गाठलेली, काचा बंद.
अकराव्या प्रश्नात उणे चिन्ह निसटतं,
घामाचा थेंब पडतो नेमका तिथेच.
बाराव्याची गाठ मात्र, का कोण जाणे,
एका ओढीत सुटते.
ती हसते, एकटीच, मोठ्याने,
आणि कॅमेरा नोंद करतो:
संशयास्पद हालचाल.