बाद मतांचा गठ्ठा

कोण निवडून आलं ते मला विचारू नका.
ते कचेरीबाहेरच्या फळ्यावर लिहिलेलं असायचं,
खाली गुलाल पडलेला, आणि हरलेल्याचा एखादा माणूस
पुन्हा पुन्हा तीच बेरीज करत उभा.
माझं टेबल आत, शेवटचं, पंख्याच्या वाऱ्याबाहेर.
माझ्याकडे यायची बाद मतं.

पेट्या यायच्या दोन दोन दिवस.
कुठली ट्रकातून, कुठली खाडीपल्याडून होडीतून,
लाखेच्या सीलला मिठाची पांढरी कड.
मतदारसंघ तेव्हा एवढा पसरलेला
की एका टोकाची भाषा दुसऱ्या टोकाला
सावकाश बोलावी लागे.

साहेब कागद उजेडात धरायचे, म्हणायचे, बाद.
मी शिक्का मारायचो. कारण लिहायचो.
शिक्का दोन चिन्हांच्या बरोबर मधल्या रेघेवर : बाद.
शिक्का नाही, नुसता अंगठा : बाद.
सगळ्या चिन्हांवर एकेक शिक्का,
हळदीकुंकवाला कुणाला वगळू नये तसा,
बाद.

आणि काही जण लिहायचे.
कुठून पेन्सिल आणत कोण जाणे.
एकाहत्तरला कुणीतरी : नळ दिलात, पाणी कधी?
सत्त्याहत्तरला एकच शब्द, पुसलेला, परत लिहिलेला : भीती.
पुढे एकदा नुसता आकडा, सर्व्हे नंबर एकशे बारा, हिस्सा तीन.
बेलापूरकडचा असावा. तिथं आता काचेची इमारत आहे,
मी एकदा मुद्दाम बघून आलो,
वॉचमनने विचारलं, काम काय?
काय सांगणार.

कागद घरी नेणं गुन्हा.
म्हणून मी पाठ करायचो.

चौऱ्याऐंशीला, रात्री अडीचला,
गठ्ठ्यात एक कागद आला.
'कंपनी बंद आहे. घरी सांगितलं नाही.'
खाली सही नाही. सहीची गरजही नव्हती.
असा पोटफोड्या 'घ' आमच्या घरात एकच जण काढायचा,
त्यासाठी लहानपणी मीच त्याला पट्टी मारली होती.

साहेब म्हणाले, काय झालं गोरेगावकर?
म्हटलं, काही नाही साहेब. बाद.
कारण लिहिलं : मतदाराची ओळख पटेल असा मजकूर.

अनंता रोज सात वाजता निघायचा,
डबा घेऊन, वागळे इस्टेटच्या बाजूला.
मी गुप्ततेची शपथ घेतलेली.
भाऊ असला तरी मत गुप्त.
महिनाभर मी समोरून त्याचा डबा भरताना पाहिला.
मग एका सकाळी म्हटलं, चल, आज मीही तिकडेच निघालोय.
तलावपाळीवर बसलो दोघं. डबे उघडले.
दोघांचीही भाजी भेंडीचीच.
तो काही बोलला नाही. मीही मोजणीचं काही बोललो नाही.

नंतर नकाशा आला. मतदारसंघ कापला.
निळ्या रेघेने तीन गावं इकडची तिकडे गेली,
विहीर मात्र जागची हलली नाही.
मग यंत्रं आली.
सगळे म्हणाले, बरं झालं, मोजणी दुपारी आटोपते.
खरंच आटोपते.
माझं टेबल उचलून कुणीतरी झेरॉक्सखाली ठेवलं.

मागच्या वेळी कळव्याच्या शाळेत गेलो,
चौथीचा वर्ग, भिंतीवर बेडकाचं जीवनचक्र.
बोटाला शाई लावणारी पोर म्हणाली, आजोबा, हात सैल सोडा.
बटण दाबलं. यंत्र वाजलं.
काचेमागे कागद सात सेकंद दिसला.
छापील, स्वच्छ, कुठेच चुकलेला नाही.

मी उगाच खिसा चाचपला.
पेन्सिल होती.

अनंता जाऊन नऊ वर्षं झाली, यादीत अजून आहे,
भाग एकोणचाळीस, अनुक्रमांक सहाशे चार.
नाव कमी करण्याचा अर्ज
मी तीनदा आणला.
कारणाचा रकाना
अजून भरलेला नाही.