द्विबीज

बांबोळीला आम्हांला दोन खोल्या दिल्या,
मधे हिरवा पडदा.
इकडे मी, तिकडे सुरंगी.
लव्हिना फुर्तादो म्हणाली, मावशी, एकमेकींशी बोलायचं नाही,
खोकायचंसुद्धा नाही.
वयानं कोवळी मुलगी, पण शिस्तीची.

अठ्ठेचाळीस प्रश्न. प्रत्येकाखाली एक ते सात आकडे.
शेवटचा: एकंदरीत तुमचं बरं चाललं आहे का?
आमच्याकडे हे वाटेवर विचारतात
आणि उत्तर न ऐकता पुढे जातात.
बरें आसा म्हटलं की झालं.
इथे मात्र पेन्सिल टोक काढून दिली होती.

सत्तावन्न वर्षं आम्ही एकसारख्या.
मास्तरांची छडी कायम चुकीच्या तळहातावर.
मी म्हार्दोळला देवळापुढे फाती विकते,
जायो, अबोली, केळीच्या सोपात ओवलेल्या,
आणि गिऱ्हाईक विचारतं, काल वास्कोत होतीस का गे?
वास्कोत ती. खिडकीच्या कठड्यावर
रोज सकाळी बोट फिरवून कोळसा मोजणारी.
तिचे मुलगे शिकले, मग बोलेनासे झाले.
माझा नवरा बोटीवर गेला, आला, पुन्हा गेला,
आणि एकदा त्याची फक्त पेटी आली.

लव्हिनानं कागदावर गोल काढून समजावलेलं:
एका बीजाच्या दोघी, दोन बीजांच्या दोघी,
दोन्ही तऱ्हांच्या शेकडो जोड्या,
कुठल्या तऱ्हेत उत्तरं जास्त जुळतात ते बघायचं,
त्यावरून अंदाज बांधायचा,
समाधानात जन्माचा वाटा किती.
मी म्हटलं, म्हणजे माझ्यातलं आईचं किती?
तसं नाही मावशी, म्हणाली,
तुमच्या एकटीचं काहीच सांगता येत नाही.
हा माणसामाणसांतल्या फरकाचा हिशेब.
मला पटलं.
एका कळीचा भाव कोण सांगतं?

परतीच्या बसमध्ये कळलं, शेवटच्या प्रश्नाला
दोघींनीही पाच.
कंडक्टरनं आमच्याकडे बघून एकच तिकीट फाडलं,
मग जीभ चावली.

तीन महिन्यांनी पत्र.
गालाच्या आतून कापसानं पुसून नेलं होतं, त्याचं.
द्विबीज.
म्हणजे एकाच खोलीत नऊ महिने भाड्यानं राहिलेल्या
दोन साध्या बहिणी.
लव्हिनानं फोनवर जपून सांगितलं,
होतं असं, बऱ्याच जणांचा समज चुकीचा निघतो,
तुमची जोडी फक्त दुसऱ्या रकान्यात जाईल.
जाऊ दे. छडीचं काय करायचं मग,
हे तिला विचारण्यात अर्थ नव्हता.

आता सांगते.
माझी पेन्सिल तीनवर होती.
गोल अर्धा झालाही होता.
तेवढ्यात पडद्याखालून तिची चप्पल दिसली,
अंगठ्याशी पिन लावलेली,
आणि वाटलं, हे दोन कागद कधीतरी शेजारी ठेवतील.
माझा तीन बघून ती रात्रभर
कुशी बदलत राहील.
खोडलं. पाच केलं.
खोडलेल्याची नोंद ठेवतात का,
ते विचारायचं राहिलं.

रात्री सुरंगीला फोन लावला.
पोट दुखेपर्यंत हसलो.
आता तुझा मधुमेह मला नको गे, मी म्हटलं.
तुझा राग मला नको, ती म्हणाली.
मग थोडं थांबून:
शेवंती, तू खरं लिहिलेलंस?
तू?
तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली.
एक. दोन.
ठेवते, म्हणाली.
ठेवला नाही. मीही नाही.

माझ्या पायाशी ओल्या फडक्यात
उद्याच्या कळ्या होत्या, जायांच्या.
वासावरून कळलं, उमलायला लागल्यात.
सकाळी भाव पडणार.