एकशे बारा ताड

शर्यतीची वही माझ्याकडे आहे.
बांधणी सुटलेली, पाठीला खळ, कडा कसरीने खाल्लेल्या.
गोठिवली ते दिव्याची खाडी, साल अठ्ठावन्न,
आणि अंतराच्या रकान्यात
एकशे बारा ताड.

पहिला नंबर हाशा भंडारी, माझा आजा.
तो शर्यत म्हणून पळालाच नव्हता.
मागे दारूबंदीचा शिपाई, डोक्यावर गाडगं,
बांधावरून बांधावर, खाजणाच्या चिखलातून
खाडीशी पोचला तेव्हा
ताडीवरचा फेससुद्धा मोडला नव्हता म्हणे.
दुसरा नंबर: शिपाई, नाव माहीत नाही.
तिसरा नंबर: बामाचा कुत्रा.

पुढल्या साली, गावदेवीच्या जत्रेच्या आदल्या दिवशी,
तोच शिपाई रजा टाकून आला, साध्या सदऱ्यात.
म्हणाला, लिहून घ्या, तायशेटे.
आणि परत दुसरा आला.
त्यापुढे सात वर्षं दुसराच.
गाव म्हणायचं, मुद्दाम मागे राहतो, पाप फेडतो.
आजा म्हणायचा,
"पाप कसला रं, त्याचे बूट सरकारी."

नियम तीनच.
वाटेतल्या दर ताडाला हात लावायचा.
कुणाचं भात तुडवायचं नाही.
पोचल्यावर एक पेला, तोही बसून.
चौथा एकाहत्तर साली, निळ्या शाईत:
बायांनी पळायला हरकत नाही.
त्याखाली धर्मी जोमा मढवी.
निवट्यांची पाटी विकून आली, पाटी कुंपणाला अडकवली,
कासोटा कसला आणि सुटली.
"पल गं धर्मे, पल!"
सासू ओरडत होती म्हणतात. सासूच.
पेला मात्र तिने उभ्यानेच घेतला,
त्यावर बैठक बसली, निकाल लागला नाही.

मग साखळ्या घेऊन मोजणीवाले आले.
चौऱ्याऐंशीचं पान कोरं आहे,
त्या साली गाव दुसऱ्याच कारणाने पळत होतं.
शहाऐंशीला अंतर एकसष्ट ताड.
ब्याण्णवला चौतीस.
रस्ता काही आखूड झाला नाही, लांबलाच,
रुळांखालून, नाल्याकडेने, कंपनीच्या भिंतीला वळसा घालून.
हात लावायला तेवढं कमी उरलं.
पण म्हाताऱ्यांच्या अंगात मोजणी बसलेली.
एकेचाळिसाव्याच्या जागी आता एटीएम आहे;
ते धापा टाकत थांबायचे, काचेला तळवा टेकायचे,
आतला माणूस पैसे मोजता मोजता दचकायचा.

यंदा पोरांनी बनियन छापल्या.
छातीवर नंबर, बुटाला चिप,
शेवटी बाटलीतलं निळं पाणी.
भाचा रितेन घड्याळ दाखवत म्हणाला,
आठ पूर्णांक तीन. मावशी, हे लिही.
मी लिहिलं. त्याच्या शेजारी, सवयीने,
एक.

तो एक बी विंगच्या मागे आहे, पंपाच्या खोलीला लागून.
खोडावर आज्याने पाडलेल्या खाचा, वर गाडगं नाही.
फांद्या पडतात म्हणून कमिटीने दोनदा अर्ज केलाय.
फांद्या! ताडाला!
फाटकावर भदोहीचा वॉचमन, त्याच्याकडे त्याची वही.
नियम म्हणजे नियम, तो म्हणाला,
आणि दोनशे सोळा जण घाम निथळत
एकामागे एक ओळीत उभे राहिले.
नाव. गाव. आत यायची वेळ.
कुणाकडे, या रकान्यात सगळ्यांनी लिहिलं, ताड.
कामाचं कारण: हात लावणे.

गुडघ्यामुळे मी रिक्षाने गेले.
सर्वांत शेवटची.
मीही तेच लिहिलं, सही केली,
वॉचमनने पान उलटून पाहिलं आणि विचारलं,
बाहेर जायची वेळ कुणीच कशी टाकली नाही?