अँटेना धरणारी

व्ह्लोरात दिवसा सगळ्या अँटेना
तिरानाकडे तोंड करून उभ्या,
कवायतीच्या रांगेतल्या पोरींसारख्या.
अंधार पडला की एकेकीची मान
समुद्राकडे वळायची.
कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

आमची वळवायचे मी.

तेफिकनं किनाऱ्यावर वाहून आलेला
बिअरचा रिकामा डबा कापून,
आत एक ट्रान्झिस्टर डकवून
काहीतरी बनवलं होतं.
आई त्याला ‘तुझं ते पाप’ म्हणायची
आणि रोज सकाळी फडक्यानं पुसून
पिठाच्या पिंपात लपवायची.

तो खाली, पडदे ओढून, आवाज मिटवून.
मी वर कौलांवर, त्याचा जुना कोट घालून,
दांडा दोन्ही हातांनी धरून.
ओरडायची सोय नव्हती,
म्हणून तो धुराड्यात तोंड घालून बोलायचा.
डावीकडे.
अजून.
झोपलीस का?
थांब. थांब म्हटलं ना!

मी थांबायचे.

फेब्रुवारीत तीन रात्री पलीकडे गाण्यांचा महोत्सव होता.
वाऱ्यानं डोळ्यांत पाणी यायचं,
टेकडीवरचे बंकर चंद्राखाली
टक्कल पडलेल्या म्हाताऱ्यांसारखे बसलेले.
मी हात खाली घेतला
की इटली विझायची.

‘काय दिसतंय?’ मी धुराड्यात विचारलं.
‘केस.’
‘कसले केस?’
‘पुरुषांचे. खांद्यापर्यंत.
आणि कुणी त्यांना काही बोलत नाहीये.’

त्यानंतर तेफिक न्हाव्याला चुकवू लागला.
कालिओपीमावशीनं त्याच्या पँटच्या पायात
जुन्या पडद्याची तिकोनी ठिगळं लावून दिली,
चालताना ती अशी फडफडायची
की आईनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसली,
आणि लगेच उठून खिडकी लावली.

शाळेच्या फाटकात युवक संघटनेचा पेट्रित
काड्यापेटी घेऊन उभा असायचा.
कॉलरवर आडव्या काड्यापेटीएवढे केस चालत,
उभीएवढे नाही.
तेफिकचे त्यानं दोनदा मोजले.
दुसऱ्यांदा पेटीतली एक काडी हळूच काढून
त्याच्या कानामागे खोचली, कुणी पाहत नसताना.
ही धमकी होती की दोस्ती,
यावर आम्ही अजून भांडतो.

मे महिन्यात त्याला नेलं.
डबा सापडला. पिठासकट.

चौकशीचं त्यानं मला एकदाच सांगितलं, पुष्कळ वर्षांनी,
मासे साफ करता करता.
साहेब म्हणाले, ते परदेशी गाणं म्हणून दाखव.
यानं म्हटलं, जमेल तसं.
साहेब टेबलावर बोटं वाजवत ऐकत होते.
मग म्हणाले, दुसऱ्या ओळीत चाल चुकली.
आणि लिहून घेतलं,
आरोपीस गुन्हा मान्य.

सात वर्षं तांब्याची खाण.
परत आला तेव्हा केसांबद्दल
कायदा मवाळ झाला होता म्हणे.
त्याच्या डोक्यावर मोजण्यासारखं काही नव्हतं.

आता मी बारीमध्ये असते.
एका वकिलाच्या घरी जिने पुसते, म्हातारीला भरवते.
परवा स्वयंपाकघरातल्या टीव्हीवर
जुना महोत्सव लागला, काळापांढरा, फेब्रुवारीचा.
तेच केस. त्या रुंद कॉलरी.
मी पहिल्यांदा पाहत होते.

खरं सांगू? गाणं ठीकठीक होतं.
गाणाऱ्याला सर्दी झाली असावी.

म्हातारी विचारायला लागली, हात का वर केलास,
पंखा लावायचाय का?

मी तेफिकला फोन लावला.
तो फोनवर फारसा बोलत नाही,
पाणी आलं, वीज गेली, एवढंच.
मी काही न सांगता रिसीव्हर टीव्हीला लावला,
गाणं संपेपर्यंत.
मग कानाशी घेतला.
तिकडे समुद्र वाजत होता, किंवा लाइन खराब होती.

‘डावीकडे,’ तो म्हणाला.
‘थोडं अजून.’