सातवी पायरी

विदीनमधल्या आमच्या इमारतीत
जिन्यातला दिवा एकच मिनिट जळतो.
लोणच्याची बरणी आणते म्हणून मी तळघरात उतरते
आणि वर येताना सातव्या पायरीवर बसते.
एक मिनिट. मग अंधारातलं.

वर ल्युबेन. उजवी बाजू गेली,
भाषेतून एकच शब्द बचावला: उद्या.
पाणी हवं, उद्या. उशी सरकली, उद्या.
चमचा भिंतीवर फेकला, तरी उद्या.
तीस वर्षं डॅन्यूबवर फेरीबोटीचं इंजिन सांभाळलं यानं,
पलीकडच्या रुमेनियन खलाशांशी दोन भाषांत भांडायचा.

व्हॅलेन्सियाहून मुलगा विचारतो, बाबा कसे आहेत?
पोस्टातली बाई विचारते, पाववाला विचारतो.
बरे आहेत, मी म्हणते. तोंडाला वळण पडलंय.

मंगळवारी नर्स आली. तो हात आखडून बसला,
तेव्हा तिनं आधी माझ्याच दंडाला पट्टा बांधला:
बघा आजोबा, दुखत नाही.
आकडा पाहिला आणि तिचं हसू विरलं.
तुम्ही झोपता का?
मी गॅसवरचं दूध बघायला उठले.
गॅसवर दूध नव्हतंच.

काय सांगणार होते?
की जानेवारीत, नदीवर बर्फाच्या लाद्या
एकमेकींवर घासत होत्या त्या रात्री
त्याचा श्वास अडला
आणि मी उठले नाही.
मोजत राहिले. अकरापर्यंत.
मग आला परत, खरखरत.

सकाळी त्याची दाढी केली. फार जपून,
हनुवटीखालच्या खळीत तर श्वास रोखून.
डाव्या हातानं त्यानं माझं मनगट धरलं.
उद्या, म्हणाला.
आभार होते, की त्याला सगळं ठाऊक होतं,
अजून कळलेलं नाही.

आज कुणीतरी खालून बटण दाबलं.
दुसऱ्या मजल्यावरची स्तोयना, हातात बटाट्यांची पिशवी.
चेहरा पुसायला वेळ मिळाला नाही मला.
तिनं ल्युबेनचं विचारलं नाही.
पिशवी टेकवली, एक पायरी खाली बसली.
"मी दहाव्या पायरीवर बसायचे," म्हणाली,
"आईच्या वेळी. चार वर्षं."

दिवा गेला.
पिशवीतून एक बटाटा निसटला,
धप धप करत खाली कुठेतरी थांबला.
वरून चमचा वाजू लागला, पलंगाच्या दांडीवर.
येते रे, मी ओरडले.
आणि अजून थोडी बसले.